अठरा टनांची ओढ

चाळीस हजार पौंड! आपल्या हिशेबात अठरा टनांच्याही वर. एवढं ओझं ओढायला ट्रक लागत नाही, पिकअप पुरते. जिच्यात पाच माणसं ऐसपैस बसतात, उन्हाळ्यात सीटमधून गार वारा येतो आणि जी सोमवारी सकाळी मुलांना शाळेत सोडायलाही जाते, अशी पिकअप. फोर्डने एफ-४५० साठी हा कमाल आकडा जाहीर केला आहे. तो वाचल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. जेवताना, फिरायला गेल्यावर, आईशी फोनवर बोलतानाही विषय पिकअपवरच येतो. आता तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आपल्याकडे पिकअप म्हटलं की बोलेरोच डोळ्यांसमोर येते. नारायणगावचा टोमॅटो क्रेट भरून वाशीच्या बाजारात पहाटे पोचवणारी, दीड टनाच्या आसपास माल नेणारी कामसू गाडी. मी कराडचा, त्यामुळे माझ्याही मनात तीच. डेन्व्हरला आल्यावर रस्त्यावर उंचच उंच पिकअप रोज दिसायच्या, पण त्यांच्याजवळ जाऊन उभं राहण्याचा योग आला तो जानेवारीत, नॅशनल वेस्टर्न स्टॉक शोला. १९०६ पासून डेन्व्हरमध्ये भरणारा हा गुराढोरांचा आणि घोड्यांचा मेळा. आम्ही जनावरं बघायला गेलो आणि मी वाहनतळावरच अडकलो. घोड्यांचे ट्रेलर, गुरांचे ट्रेलर, चाऱ्याच्या गासड्या लादलेले सपाट ट्रेलर, आणि प्रत्येकाच्या पुढे जोड टायरची, चिखलाने माखलेली एक पिकअप. फोर्ड, रॅम, शेव्ह्रोले, जीएमसी, पुन्हा फोर्ड, पुन्हा रॅम. एकही शोभेची नाही, सगळ्या कामावर आलेल्या. मालक एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकं घालून वाद घालत होते. मी त्या घोळक्यांतून हललोच नाही.

आमच्या भागात घोडे पाळणारे एक गृहस्थ तिथेच भेटले. त्यांची रॅम ३५००, जावयाची फोर्ड एफ-३५० आणि चारा पोचवणाऱ्या त्यांच्या मित्राची सिल्व्हराडो ३५००. घरातच तिन्ही पक्ष! माझी उत्सुकता बघून या भल्या माणसांनी मला तिन्ही गाड्यांत बसवलं, मागे ओझं असताना घाटात नेलं, गाडीखाली वाकून एकेक भाग दाखवला. पुढे लिहितोय ते त्यांच्या कृपेनं.

अमेरिकेत मोठ्या पिकअपची दोन वेगळी घराणी आहेत. एफ-१५० किंवा रॅम १५०० हे घरगुती घराणं. त्याच्या वरचं घराणं हेवी ड्युटी, म्हणजे निव्वळ कामाचं. त्यात फोर्डची सुपर ड्यूटी, रॅमची २५०० आणि ३५००, जनरल मोटर्सची सिल्व्हराडो एचडी आणि तिची सख्खी बहीण जीएमसी सिएरा एचडी. जुनी माणसं अजून २५०० ला पाऊण टनी आणि ३५०० ला एक टनी म्हणतात, पण ती मापं कधीच मागे पडली. जोड टायरची एफ-३५० योग्य रचनेत आठ हजार पौंड, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त माल नुसत्या पाठीवर घेते.

या आखाड्यात टोयोटासुद्धा नाही. परदेशी पिकअप इथे का रुजल्या नाहीत याचं एक मोठं कारण म्हणजे कोंबडी! युरोपने अमेरिकन कोंबडीवर जकात वाढवली, म्हणून अमेरिकेने १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के कर लावला. कोंबडीचं भांडण लोक विसरले, कर मात्र राहिला. त्याच्या आडोशाला या तीन कंपन्या दशकानुदशकं एकमेकींशीच झुंजत आल्या आहेत. एकीने टॉर्क वाढवला की दुसरी दोन वर्षांत तिच्या पुढे. या चढाओढीतून काय काय जन्माला आलंय!

रॅमचं बॉनेट उघडलं आणि समोर लाल अक्षरं नव्हेत, रोषणाई नव्हे, फक्त एक शब्द दिसला: कमिन्स. माझ्या अंगावर काटा आला. पुण्यात कोथरूडला १९६२ साली किर्लोस्करांच्या जोडीनं ज्यांचा कारखाना उभा राहिला, तेच हे कमिन्स. ज्यांच्या नावाचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज कर्वेनगरला १९९१ पासून आहे, सोसायटीतली वीज गेली की ज्यांचे जनरेटर घरघरतात, फलटणला ज्यांचे कारखाने आहेत, तेच. मूळ गाव इंडियाना राज्यातलं कोलंबस, सुरुवात १९१९. आणि खरी गंमत पुढेच आहे. १९८९ च्या डॉज रॅममध्ये कमिन्सचं जे पहिलं डिझेल इंजिन बसलं ते ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं, बी-सिरीजचं. टाटा कमिन्सने जमशेदपूरला बनवून टाटाच्या ट्रकांना दिलं तेही ५.९ लिटरचं, त्याच बी-सिरीजचं! म्हणजे माझ्या मामाच्या ट्रकचं इंजिन आणि कोलोरॅडोतल्या या घोडेवाल्यांच्या पहिल्या पिकअपचं इंजिन एकाच रक्ताचं. मी मामाला लगेच फोन लावला. भारतात तेव्हा पहाटेचे चार वाजले होते, तरी तो अर्धा तास बोलला.

त्या १९८९ च्या इंजिनाची ताकद १६० अश्वशक्ती आणि ५४२ न्यूटन-मीटर टॉर्क. आजच्या रॅममधलं ६.७ लिटरचं वरच्या दर्जाचं कमिन्स देतं ४३० अश्वशक्ती आणि १,४५८ न्यूटन-मीटर. बोलेरो पिकअपचा टॉर्क दोनशेच्या घरात असतो आणि त्यावर गावोगावचा शेतमाल चालतो, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. पण मला आकड्यापेक्षा मांडणी भावली. सहाही सिलिंडर एका ओळीत, क्रँकशाफ्टला सात मुख्य बेअरिंग. बोअर १०७ मिलिमीटर आणि स्ट्रोक १२४. पिस्टनला लांब पल्ला मिळाला की कमी फेऱ्यांतच जोर तयार होतो. शिवाय ओळीतल्या सहा सिलिंडरांचे धक्के एकमेकांना खोडून काढतात, त्यामुळे इंजिन स्वभावानंच समतोल असतं. बॉनेटखाली हात घालायला दोन्ही बाजूंना जागा उरते. सोळाशे-अठराशे फेऱ्यांवर ते ज्या खर्जात बोलतं, तो आवाज एकदा ऐकाच.

फोर्डचं इंजिनही ६.७ लिटरचं, पण व्ही-८, नाव पॉवर स्ट्रोक. पूर्वी फोर्ड डिझेल इंजिनं नॅव्हिस्टार कंपनीकडून घ्यायची. २०११ च्या मॉडेलपासून तिने स्वतःचं बनवलं आणि त्यात एक विलक्षण उलटापालट केली. नेहमीच्या व्ही इंजिनात जळका धूर दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. फोर्डने तो आतल्या बाजूला, दोन ओळींच्या मधल्या खोबणीत सोडला आणि टर्बो तिथेच बसवला. धुराचा प्रवास कमी, त्यामुळे टर्बो चटकन जागा होतो. २०२३ पासूनच्या वरच्या आवृत्तीत ५०० अश्वशक्ती आणि १,६२७ न्यूटन-मीटर! नुसत्या ओढीत आज तिला तोड नाही.

जनरल मोटर्सचं ड्युरामॅक्स ६.६ लिटरचं, तेही व्ही-८. ते इसुझूच्या साथीने २००१ च्या मॉडेलसाठी आलं, आणि ओहायोतल्या मोरेनला बनतं. आज ४७० अश्वशक्ती, १,३२२ न्यूटन-मीटर. टॉर्क तिघांत कमी. पण त्याच्या मागे ॲलिसनच्या नावाचा दहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, आणि ॲलिसन हे नाव मोठ्या ट्रक-बसच्या दुनियेत आदरानं घेतलं जातं. चढावर हा गिअरबॉक्स कधी खाली येतो आणि कधी वर जातो, कळतसुद्धा नाही.

इथवर माझं मन फोर्डकडे धावलं होतं. सोळाशे सत्तावीसच्या पुढे कोण काय बोलणार? मग घोडेवाल्या काकांनी जावयाच्या मित्राच्या एफ-२५० चं, म्हणजे फोर्डच्या २५०० चं, दार उघडलं आणि दाराच्या चौकटीवरचं पिवळ्या पट्टीचं स्टिकर दाखवलं. माणसं आणि सामान मिळून या गाडीवर किती वजन चालेल, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. तिथे आकडा होता २,२०० पौंडांच्या आसपास, म्हणजे एक टन. नऊ टन ओढणारी गाडी, आणि अंगावर फक्त एक टन? हा सगळा विषय मला या स्टिकरपाशी उलगडला.

ट्रेलरचं सगळं वजन ट्रेलरची चाकं घेत नाहीत. त्यातला काही भाग पिकअपच्या अंगावर येतो. मागच्या बंपरखालच्या गोळ्याला अडकवलेल्या ट्रेलरचा दहा ते पंधरा टक्के. हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या वर जोडला जाणारा गूजनेक किंवा फिफ्थ व्हील ट्रेलर असेल तर पंधरा ते पंचवीस टक्के. बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. ओझं मागे गेलं तर गाडी उलाळ होते, फार पुढे आलं तर धुरजड होऊन बैलांच्या मानेवर बसते. ट्रेलरचंही अगदी तसंच. पुढचा भार कमी पडला की महामार्गाच्या वेगात तो डावीउजवीकडे झुलू लागतो आणि पिकअपला आपल्याबरोबर खेचतो. म्हणून तो दहा-पंधरा टक्के भार टाळायचा नसतो, मुद्दाम ठेवायचा असतो, आणि तो पेलण्याइतकी गाडी घ्यायची असते.

आता हिशेब करा. १४,००० पौंडांचा फिफ्थ व्हीलचा राहता ट्रेलर, सुट्टीत कुटुंबं नेतात तसा. वीस टक्के धरले तर २,८०० पौंड थेट हौद्यावर. स्टिकर सांगतं २,२००. त्यातही अजून चार माणसं बसायची आहेत, जोडणीचं लोखंड धरायचं आहे. ओढण्याच्या आकड्यात ही गाडी खुशाल बसते, पेलण्याच्या आकड्यात सरळ नापास होते! आणि डिझेल इंजिन जड असल्यामुळे त्याचं वजनही याच खात्यातून वजा होतं. म्हणजे ताकद वाढवायला डिझेल घेतलं की पाठीवरची जागा कमी होते. म्हणून तर जाणकार २५०० सोडून ३५०० कडे जातात, जाड पाटे घेतात, जोड टायर घेतात. त्या वाहनतळावर मागे सगळीकडे जोड टायर का होते, ते मला इथे समजलं. ते टायर रुबाबासाठी नाहीत. दोनाचे चार झाले की भार वाटला जातो आणि आडव्या वाऱ्यात ट्रेलर झुलला तरी मागची बाजू जागची हलत नाही.

आणि मग घाट. डेन्व्हरहून आय-७० धरून पश्चिमेला गेलं की आयझेनहॉवर बोगदा लागतो. त्याचं पश्चिमेचं तोंड ११,१५८ फुटांवर, म्हणजे ३,४०० मीटर. कळसूबाईच्या दुपटीहून उंच! तिथून डिलनकडे सुमारे तेरा किलोमीटरचा उतार, सात टक्क्यांपर्यंतचा. बाजूला डोंगरावर चढत गेलेले रेतीचे पट्टे आहेत, ब्रेक निकामी झालेले ट्रक त्यात घुसवण्यासाठी. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे बोगद्याशी पोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश गेली. टर्बो डिझेल मात्र हवा दाबून घेतं आणि चढत राहतं. मागे घोड्यांचा गूजनेक ट्रेलर असताना आम्ही डिलनच्या बाजूने वर आलो. फोर्ड सगळ्यांत निवांत होती, जणू मागे काही नाहीच. सिल्व्हराडो तिच्या मागोमाग. रॅमला थोडे अधिक श्रम पडले, पण तीही कुठे रेंगाळली नाही.

पण मला वेड लावलं ते उतारानं. खंबाटकीत, कसाऱ्यात मोठमोठ्या गाड्या गिअरवर उतरताना आपण लहानपणापासून बघितल्यात. डिझेलमध्ये पेट्रोलसारखी हवेची झडप नसते, त्यामुळे नुसता पाय काढला की इंजिन फारसं अडवत नाही. इथे एक्झॉस्ट ब्रेक कामाला येतो. टर्बोमधली पाती मिटतात, धुराची वाट अरुंद होते, नळीत दाब साठतो आणि प्रत्येक पिस्टनला त्या दाबाविरुद्ध झगडावं लागतं. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. काकांनी डॅशवरचं बटण दाबलं, रॅमने खालचा गिअर घेतला, एक खोल हुंकार ऐकू आला आणि सात टक्के उतारावर, मागे घोडे असताना, गाडी ठरलेल्या वेगाला चिकटून उतरू लागली. ब्रेकच्या पेडलला पाय क्वचितच लागला. मागे घोडे शांत उभे! दुसरी सोय ट्रेलरच्या ब्रेकची. ट्रेलरच्या चाकांत विजेवर चालणारे स्वतःचे ब्रेक असतात. सात पिनांच्या वायरने ते पिकअपला जोडलेले असतात आणि डॅशवरच्या नियंत्रकाने ते किती जोरात लागावेत हे ठरवता येतं. ट्रेलर झुलू लागला तर पिकअपचे ब्रेक न लावता फक्त ट्रेलरचे हाताने दाबायचे, की तो मागून ताणून सरळ होतो. किती सुंदर विचार आहे हा!

कंपन्यांनी छापलेल्या ओढण्याच्या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर ॲरिझोनात आहे. जे २८०७ नावाचं एक मानक आहे आणि त्यातली चढाची कसोटी डेव्हिस धरणाजवळच्या रस्त्यावर बेतलेली आहे. कोलोरॅडो नदीपासून वर जाणारा ११.४ मैलांचा चढ, तापमान १०० अंश फॅरेनहाइटच्या वर, एसी पूर्ण चालू, मागे पूर्ण ओझं. एकेरी टायरच्या गाडीने ताशी ४० मैलांच्या आणि जोड टायरच्या गाडीने ३५ मैलांच्या खाली यायचं नाही, काही तापायचं नाही, काही तुटायचं नाही. मग आकडा छापा.

रोजच्या वापरात तिघींचे स्वभाव वेगळे. चारही चाकांना जोर देणाऱ्या फोर्ड आणि रॅमच्या पुढे अखंड लोखंडी ॲक्सल असतो. बर्फ ढकलायचं पातं लावणारे आणि शेतातल्या खडबडीत वाटेने जाणारे त्यावर जीव टाकतात. जनरल मोटर्सची पुढची चाकं स्वतंत्र, टॉर्शन बारवर तोललेली, त्यामुळे रिकामी असताना ती तिघींत सर्वांत मऊ चालते आणि स्टिअरिंग हलकं वाटतं. तिचे कॅमेरे तर जादू आहेत. पडद्यावर ट्रेलर पारदर्शक दिसतो आणि त्याच्या मागची गाडी दिसते! रॅम २५०० मध्ये मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग, म्हणून तीही मऊ. ३५०० मध्ये पाटे. २०२५ पासून रॅमला आठ गिअरचा नवा गिअरबॉक्स मिळालाय आणि जुन्या सहा गिअरच्या मानाने फरक बसल्या बसल्या जाणवतो. फोर्डचं कॅबिन मला कामाच्या माणसाने कामाच्या माणसासाठी बनवल्यासारखं वाटलं. बटणं मोठी, हातमोजे घालूनही दाबता येतील अशी.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. वरची मॉडेलं लाख डॉलरच्या आसपास जातात, डिझेलसाठी पेट्रोलच्या मॉडेलपेक्षा दहाएक हजार जास्त. खिडकीवर मायलेजचा सरकारी कागद नसतो, कारण एवढ्या जड गाड्यांना तो बंधनकारक नाही. ओझं असताना लिटरला तीन-चार किलोमीटर. शिवाय धूर स्वच्छ करायला डीईएफ भरावं लागतं, बीएस-६ नंतर आपले ट्रकवाले ज्याला युरिया म्हणतात तेच. आणि ज्या कमिन्सवर माझा एवढा जीव जडलाय, तिने २०१३ ते २०१९ च्या रॅममधल्या इंजिनांच्या उत्सर्जनाच्या प्रकरणात १६७.५ कोटी डॉलरचा दंड मान्य केला, हेही प्रेमापोटी लपवण्यासारखं नाही. वर्षातून दोनदाच ट्रेलर ओढणार असाल तर डिझेलच्या वाटेला जाऊ नका. फोर्डचं ७.३ लिटरचं पेट्रोल व्ही-८ इंजिन ४३० अश्वशक्तीचं आहे, स्वस्त आहे, आणि पाठीवर भार जास्त घेऊ देतं.

निवड विचाराल तर माझी ठरली आहे. दहा-बारा टनांच्या वरचं ओझं रोज न्यायचं असेल तर फोर्ड, त्यात वाद नको. आठवड्यातले पाच दिवस रिकामी फिरवून दोन दिवस ट्रेलर ओढायचा असेल तर सिल्व्हराडो किंवा सिएरा. मला स्वतःला हवी रॅम ३५००, जोड टायरची, कमिन्सची. उतारावर जिच्यात बसून मी सर्वांत निर्धास्त होतो ती तीच, आणि त्या इंजिनाशी आमच्या घराचं नातं आहे. अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी कुणी राहता ट्रेलर ओढायला अशी गाडी बघत असेल तर एकच विनंती. विक्रेत्याने ओढण्याचा आकडा सांगायला सुरुवात केली की त्याला थांबवा, दार उघडा, चौकटीवरचा आकडा वाचा, ट्रेलरच्या वजनाचा पाचवा भाग त्यातून वजा करा आणि मग घरच्या माणसांची वजनं. काही उरत नसेल तर २५०० सोडा आणि ३५०० घ्या. एकूण किमतीच्या मानाने फरक किरकोळ आहे.